बेरजेखालची लाल रेघ

रोज सकाळी घरातून निघण्यापूर्वी मामी डाव्या तळहातावर दोन रेघा ओढायची. एक निळी, एक लाल. दोन्ही पेनं चालतात की नाही हे बघायला. त्यासाठी कागद कशाला वाया घालवायचा, असं तिचं म्हणणं. मग दोन्ही पेनांना एकच रबरबँड गुंडाळून ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची आणि चपला घालायची. संध्याकाळी भांडी घासताना रेघा निघून जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्या.

माझ्या शिक्षणासाठी त्या वर्षी मी मामा-मामीकडे राहायला होते. दोन खोल्या, एक अरुंद गॅलरी, आणि गॅलरीत मामाची खुर्ची. मामा पूर्वी मालाची व्हॅन चालवायचा. मग कंबर गेली. "मी नोकरी सोडली नाही, कमरेने परस्पर राजीनामा दिला," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तेव्हापासून स्वयंपाक तो करायचा आणि घर मामीच्या पगारावर चालायचं. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी नर्सिंग शिकत होती. तिची फीही त्याच पगारातून जायची.

मामी नळ-पाइपच्या घाऊक दुकानात हिशेब लिहायची. एकोणीस वर्षं. दुकान बोगद्यासारखं लांबट. पुढे काउंटर, मागे छतापर्यंत खणच खण, आणि खणांत एल्बो, टी, वॉशर, कॉक. हवेला लोखंडाचा आणि ग्रीजचा वास. सगळ्यात मागे, लाकडी पार्टिशनच्या आड, तिचं टेबल. तिथवर दिवसाचा उजेड पोचत नसे, त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला गिऱ्हाइकांच्या बुटांवरून कळायचं.

ती कामाला लागली तेव्हा तिला फक्त बेरीज-वजाबाकी येत होती. बाकी सगळं म्हाताऱ्या मालकांनी शिकवलं. त्यांचा एक नियम होता. बेरीज तीनदा करायची, वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून खाली. तिन्ही वेळा तीच आली, की तिच्याखाली लाल पेनाने दुहेरी रेघ. रेघ पडली की पान बंद. वरचा एकही आकडा मग कुणी खोडायचा नाही, खुद्द मालकांनीही नाही. चूक निघालीच, तर नव्या पानावर, नव्या तारखेला, कारण लिहून दुरुस्ती. मामीच्या वह्यांमध्ये अशा हजारो रेघा होत्या, पट्टी न लावता ओढलेल्या आणि तरी सरळ.

मग मालकांचे गुडघे थकले आणि गल्ल्यावर त्यांची मुलगी बसू लागली. तिला मामीने शाळेच्या गणवेशात पाहिलं होतं. ती मामीला काकू म्हणायची, आणि मामी तिला ताई, कारण आता ती मालकीण. मधूनच जीभ घसरून 'अगं' निघून जायचं, मग दोघी हसायच्या.

ऑगस्टमध्ये एके दुपारी ताई पार्टिशनच्या आत आली. शेजारचा गाळा घ्यायचा होता, त्यासाठी बँकेचं कर्ज हवं होतं.

"काकू, बँकेची एक अट आहे. वर्षाच्या हिशेबावर सर्टिफिकेट असलेल्या माणसाची सही लागते."

"मग ऑडिटवाले मोठे साहेब करतील की. दरवर्षी तपासतात तेच."

"ते तपासणारे. लिहिणाऱ्याचीही लागते आता." ताई टेबलावरचा वॉशर बोटाने फिरवत होती. "पुढच्या जूनअखेर द्यायचंय. कॉलेजात संध्याकाळचा कोर्स आहे, नऊ महिन्यांचा. तुम्ही करणार असाल, तर फी दुकान भरेल."

"आणि नाही जमलं तर?"

ताई वॉशरकडेच बघत राहिली. "तर मला दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल, काकू. दोघींचे पगार दुकानाला झेपणार नाहीत."

मामी ताबडतोब हो म्हणाली. भीती वाटायला तिला वेळच मिळाला नव्हता. ती भीती बस स्टॉपवर वाटली. त्या दिवशी ती दोन बस सोडून तिसरीने घरी आली.

वर्गात बहुतेक मुलं एकोणीस-वीस वर्षांची. मामी शेहेचाळीसची. तिच्या बाकावर एक मुलगी बसायची. सर फळ्यावर लिहून होण्याआधीच तिचं उत्तर तयार असायचं आणि निम्म्या वेळा चुकलेलं असायचं. मामीने तिचं नाव ठेवलं घाईबाई. घाईबाईने मामीला आधी आंटी म्हटलं, मग आठवड्याभरात मामी. "आंटी म्हटलं की तुम्ही माझ्यावर रागावणार असं वाटतं," ती म्हणाली.

पहिल्याच महिन्यात मामी अडली. दुकानात पैसे आले की जमा. सर सांगत, पैसे आले की रोख खातं नावे, म्हणजे डेबिट.

"आले ते नावे कसे?" ती घरी येऊन मला विचारायची. मी साहित्याची विद्यार्थिनी. मला काय ठाऊक. गॅलरीतून मामा म्हणायचा, "अगं, आलेले पैसे आपल्या नावे झाले तर चांगलंच आहे की!" ती त्याच्याकडे असं बघायची, की तो पेपर तोंडासमोर धरायचा.

पहाटे पाच वाजता ओट्याशी उभी राहून ती नियम पाठ करायची. येतं ते नावे, जातं ते जमा. येतं ते नावे, जातं ते जमा. झोपेत ते मला कुणीतरी जिना चढल्या-उतरल्यासारखं ऐकू यायचं. दुकानात दिवसभर जुन्या पद्धतीने लिहायचं, संध्याकाळी वर्गात नव्या. सोमवारी तिने दुकानाच्या वहीत नव्या पद्धतीची नोंद केली आणि मंगळवारी वर्गाच्या वहीत जुन्या. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. हाताच्या कोपरापाशी पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, साबण बदला.

फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली. शंभरापैकी पन्नास हवे होते; तिला चौतीस मिळाले. सरांनी तिला थांबवून घेतलं. ते तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आणि बोलताना खडू एका हातातून दुसऱ्यात टाकत.

"तुम्ही लिहिलंय ते सगळं बरोबर आहे हो. पण पाचातले दोनच प्रश्न लिहिलेत."

"पहिल्या प्रश्नात सत्तावीसचा फरक येत होता, सर. फरकाला नवाने भाग गेला की आकडे उलटे पडलेले असतात. ते शोधत होते."

"सापडला?"

"सापडला. एकाहत्तरचे सतरा आणि नव्वदचे नऊ असे दोन ठिकाणी..." ती थांबली. "पण तोवर घंटा झाली."

"नाही सापडला तर सोडून पुढे जायचं. फरकाचे दोनच मार्क जातात."

"फरक ठेवून पुढे कशी जाऊ?"

सरांनी खडू खाली ठेवला. "दुकानात नका जाऊ. परीक्षेत जा."

मार्च-एप्रिल ती हेच शिकली, चूक मागे ठेवून पुढे जायला. मी घड्याळ लावून बसायचे. पस्तीस मिनिटं झाली की म्हणायचे, "पुढे." ती पेन उचलायची नाही. मी पुन्हा म्हणायचे, "मामी, पुढे." मग ती पान उलटायची, आणि तिचा चेहरा स्टोव्हवर दूध ठेवून घराबाहेर पडलेल्या बाईसारखा व्हायचा. एप्रिलअखेर तिचे पाचही प्रश्न होऊ लागले.

प्रवेशपत्र आलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात अकरा सूचना होत्या. तिने त्या वाचल्या, मला वाचायला लावल्या, आणि महत्त्वाच्या सूचनांखाली रेघा ओढल्या. सातवी सूचना होती, उत्तरपत्रिकेत लाल किंवा हिरव्या शाईचा वापर केल्यास तो गैरप्रकार समजला जाईल. लाल पेन तपासणाऱ्याचं. तिच्याखालीही तिने रेघ ओढली होती. तिच्या सवयीच्या पेनाने, म्हणजे लालच. तेव्हा आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी आणि मामा कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे होतो. मामा पट्टा बांधून आला होता, बसणं उभं राहण्यापेक्षा जड जायचं त्याला. एक वाजता मुलं बाहेर पडू लागली. मामी पायऱ्या उतरत आली, आणि मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. पदर खांद्यावरून सुटलेला, गाल लाल, चालणं जवळजवळ धावणं.

"जुळला!" ती लांबूनच म्हणाली. "ताळेबंद जुळला! पाचही लिहिले! दोन्ही बाजू एकच, अगदी पैशाला पैसा!"

"मग आज तरी चहा तुझ्याकडून," मामा म्हणाला.

मागून घाईबाई आली. तिला आकडे पडताळायचे होते. "मामी, तुमची एकूण किती आली? मला बारा हजारांचा फरक राहिला. दुहेरी रेघसुद्धा मारली नाही मी, कशाला खोटं बोला." ती हसली. मामीही हसली, आणि हसता हसता थांबली.

तिने पर्स उघडली. दोन्ही पेनं कप्प्यात सुटी पडली होती, रबरबँड त्यांना नव्हता. तो तिच्या मनगटावर होता.

"मी मारली," ती म्हणाली.

"मारायचीच असते ना."

"लाल मारली."

मामाला काही कळलं नव्हतं, तो आमच्या तोंडांकडे बघत होता. मामीने डोळे मिटले आणि बोटं दुमडत पेपरातली एकेक बेरीज मोजू लागली. रोजकीर्द. खतावणी, तीन खाती. तेरीज. नफा-तोटा. ताळेबंद.

"सात ठिकाणी," ती म्हणाली.

ऑफिसमधला कारकून खिडकीतून म्हणाला, गठ्ठे सीलबंद होऊन गेले, आता काही होत नाही. पर्यवेक्षकांच्या लक्षात आलं नव्हतं. तपासणाऱ्याच्या येईल, मग चौकशी समितीकडे जाईल. सगळा पेपर रद्द होऊ शकतो. हे त्याने उंदरासारखं भरभर, काहीतरी कुरतडत सांगितलं, बिस्किट असावं.

सर भेटले. "अर्ज द्या, लगेच. निळं पेन ऐन वेळी बंद पडलं म्हणून लाल वापरलं, असं लिहा. सगळे तसंच लिहितात."

"पण निळं चालू होतं, सर. वरचे सगळे आकडे निळेच आहेत."

"मधूनमधून बंद पडलं म्हणा."

"सात वेळा? बरोबर बेरजेखालीच?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग तुम्हीच बघा."

अर्ज मी लिहून दिला. एक पानभर. एकोणीस वर्षांची निष्ठा, हाताचं वळण, शाईचं आणि माणसाचं नातं. मामीने तो दोनदा वाचला. "छान आहे," ती म्हणाली. "पण छान नको." तिने स्वतः तीन ओळी लिहिल्या. मी उत्तरपत्रिकेत सात ठिकाणी लाल पेनाने दुहेरी रेघा ओढल्या आहेत. सूचना मी वाचलेली होती. सवयीने हात गेला.

मग वाट बघणं. मे गेला. मामी रोज कामाला जात होती, लिहीत होती, पण आता बेरीज तीनऐवजी पाचदा करायची. रात्री दाराची कडी बघून झोपायची, मग उठून पुन्हा बघायची. स्वतःच्या आठवणीतून तिने सगळा पेपर पुन्हा लिहून काढला आणि कडक हाताने तपासला. एकसष्ट आले. "तपासलाच तर," ती म्हणायची, आणि वाक्य तिथेच सोडायची. मामाने एकदा विनोद केला, की लाल रेघा पाहून तपासणाऱ्याला वाटेल, हा पेपर आपण आधीच तपासला. कुणी हसलं नाही. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि उगाच भांडी लावू लागला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताईने एका बाईला मुलाखतीला बोलावलं. पंचविशीची, सर्टिफिकेटवाली, पर्समध्ये लहान मुलाची टोपी. ताई म्हणाली, "काकू, यांना जरा वह्या दाखवा." मामीने दाखवल्या. कुठला खण कुठल्या खात्यात, कुठल्या प्लंबरला उधारीची आठवण करावी लागते आणि कुणाला केलेली आवडत नाही, सगळं. ती बाई मन लावून ऐकत होती आणि बारीक अक्षरात टिपत होती. "हुशार आहे," घरी आल्यावर मामी म्हणाली. "अक्षर माझ्यापेक्षा चांगलं." आणि चपला न काढताच पलंगावर बसून राहिली.

दोन दिवसांनी समितीचं पत्र आलं. शुक्रवारी अकरा वाजता हजर राहावं, म्हणणं मांडण्यासाठी आवश्यक तो पुरावा सोबत आणावा.

सवयीचा पुरावा काय देणार? मामीला एकच सुचलं, आणि त्यासाठी ताईला सगळं सांगणं भाग होतं. तोवर तिने दुकानात लाल शाईबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिने सांगितलं. ताईने ऐकून घेतलं. दुकानाच्या वह्या बाहेर जात नसत, हा तिच्या वडिलांचा नियम. ती म्हणाली, "वही एकटी जाणार नाही. मी घेऊन येते."

समितीत तिघं होते. मध्ये पिकल्या केसांच्या बाई, चष्मा साखळीने गळ्यात. त्यांच्यासमोर मामीची उत्तरपत्रिका उघडी होती. त्या म्हणाल्या, "अर्जात कारण 'सवय' लिहिलंय. म्हणजे काय?"

मामीने ताईकडून दुकानाची वही घेतली. ती उघडून पुढे सरकवली. बाईंनी एक पान उलटलं, मग दहा पानं एकदम, मग मागचं वर्ष. प्रत्येक बेरजेखाली तीच रेघ. त्यांनी उत्तरपत्रिका वहीशेजारी ठेवली आणि चष्मा लावला.

"ही ओढली नाही तर काय होतं?"

"पान उघडं राहतं," मामी म्हणाली.

डावीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, असं प्रत्येकाची सवय बघत बसलो तर नियम कशाला?"

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. व्हरांड्यात एकच बाक होता. मामी, ताई आणि मी. वही ताईच्या मांडीवर. समोरच्या भिंतीवर कुणीतरी जुन्या वेळापत्रकाचा कागद अर्धवट फाडला होता. मामी तो वाचत होती की नुसती बघत होती, कळत नव्हतं.

"काकू," ताई हळूच म्हणाली, "ती बाई सोमवारी विचारायला येणार आहे. मी काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"खरं काय, तेच तर कळत नाहीये ना."

"मग तेवढंच सांगा." मामीने पदराने तळहात पुसले. "तिला बिचारीला टांगून नका ठेवू, ताई. लहान मूल आहे तिला."

"आणि तुम्हाला?"

मामीने ताईच्या मांडीवरच्या वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. चाळीस मिनिटं गेली. दोनदा दार उघडलं, दोन्ही वेळा शिपाई, चहाची रिकामी भांडी घेऊन. मामी दोन्ही वेळा उभी राहिली आणि पुन्हा बसली.

निर्णय असा झाला: गैरहेतू दिसत नाही, पेपर तपासला जाईल. मात्र नियमभंगाबद्दल दहा मार्क वजा. निकाल वीस जूनला.

परतताना बसमध्ये मामीने तिकिटाच्या मागे वजाबाकी केली. एकसष्टातून दहा गेले की एक्कावन्न. पासाला पन्नास. त्या एका मार्काकडे बघत आम्ही दोघींनी ते दिवस काढले. एकोणीस तारखेला मामाने तिचा डबा भरताना तीनदा विचारलं, डबा घेतलास का, आणि तो त्याच्याच हातात होता.

निकाल कॉलेजच्या फलकावर लागला. घाईबाई आधीच तिथे होती. ती नापास झाली होती आणि तरी मामीचा नंबर शोधत होती. "चौपन्न!" ती गर्दीतून ओरडली. "मामी, चौपन्न!"

मामी फलकापाशी गेली. नंबरावर बोट ठेवलं, आडवं नेलं, पुन्हा नंबरापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा झाल्यावर वळली, आणि मला वाटलं ती रडेल. तिच्या कपाळावर आठी होती.

"तीन जास्त कुठून आले?"

"म्हणजे?"

"माझ्या हिशेबाने एक्कावन्न. तीनचा फरक आहे. कुठेतरी बेरीज चुकली असेल त्यांची. अर्ज करून विचारायला हवं."

"अगं बाई," मामा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वरचे तीन आहेत, खालचे नाहीत! आता तरी पुढे चल!"

ती आली, पण रस्त्याच्या वळणापर्यंत दोनदा मागे बघत. बस स्टॉपवर पोचल्यावर तिने माझा हात धरला, आणि बस येईपर्यंत सोडला नाही.

त्या मुलाखतीच्या बाईला ताईने फोन करून नाही म्हणून कळवलं. तिला दुसरीकडे काम मिळालं का, हे मामी पुढे बरेच दिवस विचारत राहिली. कुणालाच माहीत नव्हतं.

जूनच्या शेवटच्या दिवशी बँकेचा माणूस दुकानात आला. मी घरून तिचं सर्टिफिकेट घेऊन गेले होते. हरवू नये म्हणून ते ती स्वतः बसमधून न्यायला तयार नव्हती. ताईने गल्ल्यामागची जागा रिकामी करून तिला तिथे, उजेडात बसवलं. वर्षाचे हिशेब पुढ्यात ठेवले. काउंटरवर दोन प्लंबर कॉकच्या भावावरून घासाघीस करत होते. ताईने त्यांना खुणेने गप्प केलं. बँकेच्या माणसाने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. इथे. सही, खाली पूर्ण नाव, खाली हुद्दा.

मामीने निळं पेन उघडलं. टोक कागदाजवळ नेलं, आणि थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने पेन उचललं, उजवा हात डाव्या हाताने क्षणभर दाबून धरला, आणि पुन्हा कागदावर आणला. टोक अजूनही जागेवर ठरत नव्हतं. छतावरचा पंखा एकवर, आळसावल्यासारखा फिरत होता.

"तो पंखा जरा बंद करा हो," मामी म्हणाली. "कागद हलतोय."